घरातला दर्या आणि चुन्याची डबी

उरणजवळच्या द्रोणागिरीत खारे पाणी तीन ठिकाणी मिळते. एक करंजाच्या खाडीत, फुकट. दुसरे उरणच्या मिठागरांत, म्हणजे त्यांतली जी काही उरली आहेत त्यांत, तेही जवळजवळ फुकट. तिसरे इथल्या वसाहतीतल्या एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत. ही टाकी साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असते आणि तिच्यात १९० लिटरच्या आसपास पाणी मावते. या तिसऱ्या पाण्याचा लिटरमागचा भाव घरात एकाच माणसाला ठाऊक असतो, आणि विचारणाऱ्याला तो निम्माच सांगतो.

टाकीत थोडे प्रवाळ, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, एक कोळंबी आणि चार गोगलगायी राहतात. म्हणायला हा मासे पाळण्याचा छंद. प्रत्यक्षात मासे आपापले जगत असतात. पाळावे लागते ते पाणी. त्याचा ताप बघावा लागतो, त्याचे रक्त तपासावे लागते, आणि ते रुसले की टाकीमालक घरात कोणाशी धड बोलत नाही.

समुद्र दारात असताना समुद्र विकत कशाला आणायचा, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. (दुसरा प्रश्न “यातला खायचा कुठला?” हा असतो. त्याला टाकीमालकाने आजवर हसून उत्तर दिल्याचे ऐकिवात नाही.) पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की करंजाच्या खाडीचे पाणी गाळाने गढूळ, पावसाळ्यात ओढ्यानाल्यांचे गोडे पाणी मिसळून निम्मे अळणी आणि वर बोटींच्या डिझेलची फोडणी बसलेले. जिताडा, चिंबोऱ्या आणि निवट्या त्यात मजेत राहतात. प्रवाळ इतके सोशिक नसते. हे सगळे करंजाच्या शेजाऱ्याला समजावून सांगितले, तर तो शांतपणे ऐकून घेतो आणि मिठाच्या डब्याकडे बघून म्हणतो, “मीठ इकत आनलंस? दर्या आटला काय?”

मग एखाद्या मामांना मिठागराची आठवण होते. ते पोतेच घेऊन येतात. “खडा मीठ आहे, अस्सल. ढवळ पाण्यात आणि हो मोकळा.” मामांचा हेतू निर्मळ असला तरी मिठागरात समुद्राची वाटणी होऊन गेलेली असते. खणाखणांतून पाणी आटत जाते तेव्हा आधी चुनखडी आणि जिप्सम तळाला बसते, म्हणजे कॅल्शियम तिथेच राहते. मग मीठ धरते. शेवटी जे कडवट पाणी उरते त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम असते, आणि ते मिठागरवाला सोडून देतो. पोत्यात येते ते फक्त मधले. त्यात प्रवाळ ठेवणे म्हणजे सोनाराकडून सोने आणि हिरा काढून घेतलेली अंगठी घालून लग्नाला जाण्यासारखे आहे. मामांचे पोते पुढची दोन वर्षे कैरीच्या लोणच्याला पुरते.

अख्खा समुद्र हवा तर त्यातले सगळे क्षार मापात हवेत, आणि हे माप जगभर एकच आहे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचे इंग्रज जहाज पृथ्वीभर हिंडून पाणी गोळा करत होते. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यातल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून १८८४ साली निष्कर्ष छापला: पाणी कमीजास्त खारट असेल, पण मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखेच. म्हणजे साऱ्या महासागरांची आमटी एकाच मसाल्याची. कुठे रस्सा पातळ, कुठे घट्ट, एवढाच फरक. हाच मसाला आता डब्यात भरून मिळतो. डबा वीस-पंचवीस किलोचा आणि बहुधा परदेशी असतो. तो बोटीने येतो आणि बहुधा त्याच न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरतो ज्याच्या क्रेन टाकीमालकाला गॅलरीतून दिसतात. तिथून तो गोदामात जातो, गोदामातून दुकानात, आणि दुकानातून कुरिअरने परत द्रोणागिरीत येतो. सातासमुद्रांपलीकडून यायला लागतो त्यापेक्षा या शेवटच्या तुकड्याला जास्त वेळ लागतो असे टाकीमालकाला वाटते, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नसते.

हे मीठ नळाच्या पाण्यात घालून चालत नाही. द्रोणागिरीच्या नळाला हेटवणे धरणाचे पाणी येते. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे हे पाणी मुळातच मवाळ. पण त्यात क्लोरीन असते, वाटेतल्या पाइपांची आठवण असते, आणि टाकीमालकाला तेवढीही चालत नाही. तो ते आरओमधून काढतो, मग पुन्हा राळेच्या नळीतून काढतो, आणि टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत थांबत नाही. घरात पिण्याच्या पाण्याचा आरओ वेगळा असतो, कारण त्याच्या विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलेले असते, “साहेब, यात मिनरल वरून घालतो.” एकाच ओट्यावर एक यंत्र मिनरल घालते, दुसरे काढते, आणि मध्ये उभा राहून टाकीमालक काढलेल्या पाण्यात पुन्हा मिनरल घालतो. वीस लिटर पाणी बदलायचे तर पाऊण किलो मीठ लागते आणि चाळीस ते साठ लिटर पाणी मोरीत जाते. त्या पाण्याने आठवडाभर फरशी पुसली जाते. द्रोणागिरीत ज्या घराची फरशी संशयास्पद चकचकीत असते, तिथे ही टाकी असण्याचा संभव मोठा.

खारटपणा मोजणे हा यापुढचा भाग. भूगोलाच्या पुस्तकात त्याला क्षारता म्हणतात आणि सागरजलाची सरासरी क्षारता दर हजारी ३५ असते, हे सातवी-आठवीत पाठ केलेले असते. पंचाईत अशी की अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचे माप) नावाची जी दुसरी गोष्ट पुढे येते, तिलाही काही मंडळी मराठीत क्षारताच म्हणतात. त्यामुळे “क्षारता किती?” असे विचारले की एकजण ३५ सांगतो, दुसरा ८ सांगतो आणि दोघेही बरोबर असतात. या भांडणाला कंटाळून टाकीवाले दुसरीला ‘केएच’ म्हणू लागले. ते एक जर्मन माप आहे. कशाचे लघुरूप, हे कोणी कोणाला विचारत नाही.

मोजायचे साधन म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर थेंब टाकायचा, झाकण लावायचे आणि नळीतून उजेडाकडे बघायचे. उजेड गॅलरीत चांगला असतो. गॅलरीच्या समोर दुसरी इमारत असते. रोज सकाळी साडेसातला, बनियनवर, एक डोळा मिटून नळीतून समोर बघणारा गृहस्थ तिथल्या मंडळींच्या नजरेत भरला नसता तरच नवल. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन विचारतात, “दुर्बिणीतून काय बघता हो?” “खारटपणा.” सेक्रेटरींचा चेहरा बघून त्यांनाही एकदा नळीतून बघू द्यावे लागते. त्यांना काहीच दिसत नाही, आणि संशय आणखी वाढतो.

इथे नवशिक्याची पहिली चूक होते. टाकीतले पाणी रोज दोन-एक लिटर उडते, आणि उडते ते फक्त पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची. नवशिक्या मात्र खाऱ्या टाकीत खारेच पाणी घालायचे, अशा सरळ न्यायाने महिनाभर खारे पाणी ओततो. आकडा ३५ वरून ३८, ३८ वरून ४१ असा चढत जातो. मृत समुद्राची क्षारता तीनशेच्या वर आहे, हेही त्याच पुस्तकात पाठ केलेले असते. आपण त्याच वाटेवर निघालो आहोत हे गोगलगायी उलट्या पडल्यावर लक्षात येते.

पाणी तयार झाले म्हणजे मासे सोडायचे असे नाही. चार ते सहा आठवडे रिकामी टाकी चालवावी लागते. सडक्या पदार्थांतून अमोनिया निघतो, एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन विषे, तिसरे त्या मानाने गरीब. हे जिवाणू खडकांवर जमायला वेळ लागतो आणि त्यांना सुरुवातीचे खाद्य म्हणून काहीजण एक सोललेली कोळंबी टाकीत कुजायला ठेवतात. उरण तालुक्यात, जिथे कोळंबीच्या भावावरून घरात आठवड्याचा बेत ठरतो, तिथे एक चांगली कोळंबी मुद्दाम कुजवायची, हे कुठल्याही आईला समजावता येत नाही. “एवढी टपोरी होती रे!” असे ती दर दोन दिवसांनी काचेपाशी येऊन म्हणते. पाहुणे येऊन दगड आणि पाणी बघतात, वाकून कोपरे बघतात आणि विचारतात, “मासे लपलेत का?” या दीड महिन्यात टाकीमालकाचा स्वभाव बनतो किंवा बिघडतो.

मग कुर्ल्याहून मासे येतात. बेलापूर-उरण रेल्वेमार्ग १२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत सुरू झाला आणि द्रोणागिरीला स्वतःचे स्टेशन मिळाले. त्याचा एक उपयोग असा की आता कुर्ल्याला हार्बर गाडी धरून, पुढे नेरूळला बदलून, मांडीवर पाण्याची पिशवी घेऊन घरी येता येते. शेजारच्या सीटवरच्या मावशी पिशवी न्याहाळतात.

“केवढ्याला?”

“सातशे.”

“किलो?”

“एक.”

मावशी खिडकीबाहेर बघतात. गव्हाण येते, शेमटीखार जाते. न्हावा-शेव्याच्या अलीकडे त्यांना राहवत नाही. “काटे तरी कमी असतात का?”

प्रवाळांच्या निवडीत कायदा आडवा येतो, आणि तो यावाच. दगडी प्रवाळ भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. त्यामुळे कायदा पाळणाऱ्या घरात झोअँथिड, मश्रूम, लेदर अशी मऊ मंडळीच असतात. आता गंमत अशी की टाकीतले कॅल्शियम खाते ते मुख्यतः दगडी प्रवाळ. मऊ मंडळींना ते चिमूटभर पुरते. थोडे गोगलगायींना आणि खडकावर चढणाऱ्या जांभळ्या शेवाळाला लागते. म्हणजे ज्याच्यासाठी हिशेब ठेवायचा तो जेवायला आलेलाच नाही, आणि टाकीमालक दिवसातून दोनदा पातेल्यात डोकावून भात किती उरला ते बघतो आहे.

हिशेब तीन जणांचा असतो. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, केएच ७ ते ११, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५०. कॅल्शियम आणि केएचमधले कार्बोनेट हे दोन विहिणींसारखे आहेत. कार्य दोघींशिवाय पार पडत नाही, पण दोघींना एका खोलीत एकाच वेळी बसवू नये. बसवले तर त्या जागीच चुनखडी होतात आणि टाकीत पांढरा बर्फ पडतो. मॅग्नेशियम हा मध्ये बसून दोघींना निवांत ठेवणारा समजूतदार काका. तो कमी पडला की बाकीचे काही केल्या जागेवर राहत नाहीत.

केएच वाढवायला लागतो खाण्याचा सोडा. तोच, जो भज्यांत घालतात. १९० लिटरच्या टाकीत, दगडांची जागा वजा जाता, चहाचा एक चमचा सोडा केएच साधारण एकाने चढवतो. दुकानात हीच वस्तू निळ्या लेबलाच्या बाटलीत, प्रवाळाच्या फोटोसह, कितीतरी पट भावाने मिळते. टाकीमालक पहिले वर्षभर बाटली आणतो. दुसऱ्या वर्षी त्याला रसायनशास्त्र कळते आणि तो स्वयंपाकघरात शिरतो. तिथे सोडा, बेकिंग पावडर आणि ढोकळ्याचे फ्रूट सॉल्ट असे तीन डबे लेबलाविना शेजारी शेजारी असतात. पुढचा तपशील देण्यासारखा नाही. मासे वाचले, ढोकळा फुगला नाही.

कॅल्शियम वाढवण्याची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे काल्कवासर. नाव जर्मन आहे म्हणून दबून जायचे कारण नाही. ती आपली आठवीच्या प्रयोगशाळेतली चुन्याची निवळी. कळीचा चुना पाण्यात विरवला की जे मिळते ते, पानाला लावतात ते, भिंतीला देतात ते. कोकणात हा चुना शिंपले भाजूनही करत. म्हणजे समुद्रातल्या जिवाने जन्मभर पाण्यातून चुना काढून शिंपला बांधला, माणसाने तो भाजून चुना केला, आणि आता टाकीमालक तो पुन्हा पाण्यात घालतो आहे, गोगलगाईने शिंपला बांधावा म्हणून. निवळीत चुना लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतो, आणि ती इतकी दाहक असते की रात्रभर थेंबथेंबच सोडावी लागते. थेंब सोडायला बारीक नळी, नळीला कॉक, कॉकला तरंगता खटका. रात्री दीड वाजता खटका अडकतो. सकाळी टाकीत ताक असते. मासे दिसत नाहीत, दगड दिसत नाहीत, मागची भिंत दिसत नाही. “चुना लावला” हा वाक्प्रचार या घरात त्या दिवसापासून कोणी मोठ्याने उच्चारत नाही.

मोजणी हा स्वतंत्र सोहळा आहे. परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, पूड टाकायची, मग एकेक थेंब मोजत रंग बदलेपर्यंत टाकत जायचे. रंग गुलाबीवरून निळा होतो तेव्हा थांबायचे. पण गुलाबी संपतो कधी? टाकीमालकाला गुलाबी एकच माहीत असतो. ज्या आत्याने तीन मुलींच्या लग्नाचा बस्ता बांधला आहे तिला राणी, डाळिंबी, गुलबक्षी, अबोली, आमसुली आणि वांगी यांतला फरक ट्यूबलाइटमध्येही कळतो. म्हणून जाणत्या घरात थेंब टाकीमालक टाकतो आणि निकाल आत्या देते. “अजून राणी आहे. टाक एक.” “आता?” “आता जरा वांगीकडे गेला. टाक, टाक.” “आता?” “आता मोरपंखी! मेल्या, एक जास्त टाकलास.” मग पुन्हा पहिल्यापासून. काहीजण एवढ्यावर न थांबता पाण्याची बाटली जर्मनीतल्या प्रयोगशाळेत धाडतात आणि तीसेक मूलद्रव्यांचा अहवाल मागवतात. ज्या घरातल्या माणसांनी पाच वर्षांत स्वतःची साखर तपासलेली नसते, त्या घरातले पाणी परदेशी जाऊन रक्त तपासून येते.

पीएच मात्र थेंबांवर नाही, घराच्या दाराखिडक्यांवर अवलंबून असतो. तो ८.१ ते ८.४ असावा. रात्री दिवे बंद झाले की प्रवाळातल्या शेवाळाचे काम थांबते, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. खोली बंद असली आणि माणसे जास्त असली तर दिवसाही तेच. सत्यनारायणाला चाळीस माणसे दिवाणखान्यात बसतात, एसीसाठी खिडक्या लावून घेतात, आणि साधुवाण्याची नाव बुडेपर्यंत पीएच ८.२ वरून ७.९ वर आलेला असतो. आठवीत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ केली होती, तोच हा श्वास. पूजेला बसलेला टाकीमालक हातात पळी आणि नजर पीएचच्या आकड्यावर, असा असतो. चौथ्या अध्यायाला तो उठून खिडकी उघडतो. “उकडतंय रे!” असे चाळीसजण म्हणतात. प्रसाद घेऊन मंडळी पांगली की आकडा आपोआप वर येऊ लागतो आणि यजमानाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, त्याचा लोक वेगळा अर्थ लावतात.

तापमानाची गोष्ट म्हणजे साधूच्या लंगोटीची गोष्ट. लंगोटी उंदीर कुरतडतात म्हणून मांजर, मांजराला दूध हवे म्हणून गाय, गाईला चारा हवा म्हणून शेत. प्रवाळाला २५-२६ अंश हवेत. मे महिन्यात द्रोणागिरीतल्या बंद फ्लॅटमधले पाणी ३१ च्या पुढे जाते. म्हणून पंखा. पंख्याने पाणी उडते आणि थंड होते, पण समुद्राकाठच्या दमट हवेत ते उडायलाही आळस करते. म्हणून चिलर. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो, खोली तापते. म्हणून एसी. एसीसाठी खिडक्या बंद. खिडक्या बंद म्हणून कार्बन डायऑक्साइड, म्हणून पीएच खाली, म्हणून खिडक्या उघड्या. उघड्या खिडकीतून कंटेनरच्या ट्रकांचा धुरळा आत येतो, म्हणून पुन्हा बंद. साधूने शेवटी शेताची राखण करायला लग्न केले. टाकीमालकाचे लग्न आधीच झालेले असते, आणि वीजबिल आल्यावर त्याची आठवण त्याला करून दिली जाते.

नायट्रेट आणि फॉस्फेट येतात ते खाण्यातून. मासे चिमूटभर खातात, पण उपाशी राहिल्याचा अभिनय त्यांच्याइतका कोणाला जमत नाही. आजी येताजाता दोन चुरमुरे टाकते. “बघतात कसे बिचारे.” शेजारची चिमुरडी बिस्किटाचा चुरा करते. पंधरा दिवसांत काचेवर शेवाळाचे हिरवेगार गवत उगवते. टाकीमालक दुकानात धावतो. द्रोणागिरी डोंगराबद्दल इकडे सांगतात की मारुती संजीवनीचा डोंगर घेऊन जात असताना त्याचा एक तुकडा इथे पडला. मारुतीला नेमकी वनस्पती ओळखता येईना म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलला. टाकीमालकालाही नेमके काय कमी-जास्त आहे ते कळत नाही, म्हणून तो दुकानातली अख्खी फळी उचलून आणतो. फॉस्फेट शोषणारी लोखंडी पूड, नायट्रेट खाणाऱ्या जिवाणूंची बाटली, त्या जिवाणूंना खायला आणखी एक बाटली. (या विषयावर टाकीवाल्यांसाठी ढीगभर लिहिणारे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली हे मूत्रपिंडाच्या रुग्णांचे फॉस्फेट कमी करणाऱ्या सेवेलामर या औषधाचे सहसंशोधक आहेत. टाकी आणि मूत्रपिंड यांच्या तक्रारी सारख्याच असतात, फक्त टाकीचा डॉक्टर रात्री अडीचलाही जागा असतो.)

पूड काम करते. फार करते. दोन्ही आकडे शून्यावर येतात आणि महिन्याभरात वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला, शेंबडासारखा थर चढतो. तो फोफावतो तोच मुळी पाण्यात काही खायला उरले नाही की. त्यावर इलाज म्हणजे नायट्रेटची आणि फॉस्फेटची बाटली विकत आणून मोजून घालणे. म्हणजे जे काढायला महिनाभर पैसे मोजले तेच परत घालायला पुन्हा पैसे मोजायचे. दुकानदार या दोन्ही वेळी तेवढ्याच अदबीने उठून उभा राहतो.

या गडबडीत कधीतरी वर्तमानपत्रातले जुने कात्रण कोणीतरी काढते. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरून प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या होत्या. “म्हणजे हाजीअलीच्या त्या पाण्यात प्रवाळ होते?” बायको विचारते. “होते.” “आणि त्यांचा केएच कोण बघत होतं?” टाकीमालक त्या वेगळ्या जाती, तो वेगळा परिसर वगैरे सांगू लागतो. सांगतो ते खरेही असते. ऐकायला कोणी थांबलेले नसते.

बाहेरून येणाऱ्या विषांपैकी दोनच सांगण्यासारखी. तांबे हे माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर औषध आहे आणि प्रवाळ, कोळंबी व गोगलगायी यांना विष आहे. तांब्यात रात्रभर ठेवलेले पाणी प्रकृतीला चांगले, या भावनेने आजी टाकीतल्या “बिचाऱ्यांना” एक भांडे घालते तेव्हा घरात जो आरडाओरडा होतो, त्याचा अर्थ तिला आजतागायत समजलेला नाही. दुसरे, डासांच्या धुराची गाडी. तिच्यातले औषध कोळंबीला डासाइतकेच लागू पडते. उरणचे डास बघता गाडी यावी असे सगळ्यांना वाटते. ती आली की एकच माणूस ओली चादर घेऊन टाकीवर आडवा पडतो.

उरला प्रश्न गावी जाण्याचा. गणपतीला सात दिवस संगमेश्वरला जायचे म्हटल्यावर टाकीमालक शेजारच्या निवृत्त काकांसाठी दोन पानी तक्ता करतो. सकाळी काय, दुपारी काय, केएच साडेसातखाली गेला तर काय, साडेनऊवर गेला तर कोणाला फोन. काका चष्मा लावून सगळे वाचतात.

“हे मी करायचं?”

“जमेल तेवढं.”

“जमणार नाही.”

“मग निदान रोज या रेघेपर्यंत साधं पाणी घाला. आणि एक दिवसाआड चिमूटभर खाणं.”

गौरी-गणपती विसर्जन करून टाकीमालक रात्री अकराला परततो. बॅग दारातच ठेवून, बूट न काढता, तो विजेरी घेऊन टाकीपाशी जातो. पाणी काचेसारखे. मिटून बसलेले मश्रूम पहिल्यांदाच बशीएवढे पसरलेले. केएच ८.१, निघाला तेव्हा होता तोच. कॅल्शियम ४३०. नायट्रेट ५. आत्या नसल्यामुळे तो तीन वेळा मोजतो. आकडे हलत नाहीत. साडेअकराला तो काकांची बेल वाजवतो.

“काका, काय घातलंत?”

“पाणी.”

“आणखी?”

“आणखी काय घालायचं होतं?”

दुसऱ्या दिवशी कॅल्शियम थोडे वर न्यायला हरकत नाही असे ठरवून टाकीमालक बाटली उघडतो, आणि रविवारपर्यंत मश्रूम पुन्हा मिटतात.

पुढच्या गणपतीला काका स्वतः गावी जाणार आहेत. तेव्हा द्रोणागिरीत सात दिवसांसाठी एक माणूस हवा आहे. काम रोज दोन लिटर साधे पाणी घालण्याचे. चहा मिळेल. रसायनशास्त्राची आवड असलेल्यांनी कृपया येऊ नये.